असं निघत नाही

प्रिय वैष्णवी,

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज पहिल्यांदा आंजीला गेले होते. शाळेच्या व्हरांड्यात पोरं वाट पाहत बसली होती. खडू हातात धरून उभी राहिले, पण काय लिहायचं ते सुचेना. शेवटी तब्येत बरी नाही असं सांगून सिंदी मेघेला घरी परत आले. दुसरं काही करताच येत नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

तुला आठवतं, पहिल्या रविवारी तू काय विचारलं होतंस? मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, झाडांच्या नावांपायी लॅटिन शिकले, आणि निवृत्तीनंतर तुम्हा पोरांना ते शिकवायला येऊ लागले. सोबत थोडं तर्कशास्त्र. तू उभी राहून विचारलंस, "मॅडम, हे लॅटिन कोण्या गावचे लोक बोलतेत?" कोणत्याच नाही, मी म्हटलं. "मंग आपण बोलू," म्हणालीस आणि खाली बसलीस.

सापांची नावं तूच मागितलीस. मण्यारच्या लॅटिन नावातला 'सेरुलियस' म्हणजे निळसर, हे कळल्यावर तू वाद घातलास, की मण्यार तर काळा असतो. त्याच दिवशी मी सांगितलं होतं, की त्याचा चावा बरेचदा दुखत नाही, सुजत नाही, तरी माणूस मरतो. त्यावरूनच फळ्यावर प्रश्न घातला: दुखत नाही, म्हणून विष नाही. पहिल्यावरून दुसरं निघतं का? सगळ्यांच्या आधी तू म्हणालीस, असं निघत नाई.

पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. तुझी आई मला ती सकाळ पुन्हापुन्हा सांगते. पहाटे अंथरुणात तुला काहीतरी टोचलं. उजाडल्यावर बाबांनी गोधडीखालचा साप मारला. तू पाहून नाव सांगितलंस, मण्यार. बाबा म्हणाले, सूज नाही, दुखणं नाही, कशाचं विष? काकांनी सापाचं विष उतरवणाऱ्याला बोलावणं धाडलं. आणि तू मांडी घालून बसलीस.

"बाबा, दुखत नाई म्हणून विष नाई, असं निघत नाई. मले वर्ध्याच्या दवाखान्यात न्या."

काकांना तेच सांगितलंस. मंत्र म्हणणाऱ्या त्या माणसालाही तेच. आवाज न चढवता, एकेक मुद्दा मांडून. मग तुझ्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. तेव्हा कुठे गाडी निघाली. वर्धा येण्याआधीच तुझा श्वास थांबला.

तुझ्या बोलण्यात एकही चूक नव्हती गं! मी किती वेळा तपासलं.

तेरवीला तुझी आई माझ्याजवळ येऊन बसली. "मॅडम," ती म्हणाली, "पोरगी रडली असती तं तिच्या बापानं तवाच नेलं असतं. थे तं समजावून सांगून राह्यली होती. आमाले वाटलं, इतकी शांत हाय, तं काई झालं नाई."

का रडली नाहीस? कोणाची तरी बाही धरून किंचाळली का नाहीस? मुद्दा शांतपणे मांडावा, हे मी शिकवलं, म्हणून? तुझ्यावर रागावते, मग स्वतःवर, मग तुझ्या बाबांवर. पण ते दिवसभर अंगणात बसून असतात. त्यांच्यावर रागसुद्धा टिकत नाही. मग हे सगळं मी कुठे नेऊन ठेवू?

आज निघाले तेव्हा तुझी मैत्रीण प्राजक्ता बसपर्यंत मागे आली. मोठे लोक ऐकतच नसले तर काय करायचं, असं तिनं विचारलं. मी बसमध्ये चढले.

वैष्णवी, तुला वचन देते. येत्या रविवारी मी परत जाईन. लॅटिन शिकवीन, तर्कही शिकवीन, कारण तू चुकली नव्हतीस. पण आधी प्राजक्ताला उत्तर देईन. सांगीन, एकदा समजावून सांगा. नाही ऐकलं तर रडा, भांडी फेका, रस्त्यावर धावा, शेजारणीच्या पायाला मिठी मारा. हे पोरांच्या आईबापांना समोर बसवून सांगीन. तुझ्या बाबांनाही बोलावीन, येतील की नाही माहीत नाही. आणि पोरं लाजली, तर त्या व्हरांड्यात सगळ्यांत आधी मी ओरडेन.

तुझी,
वानखडे मॅडम