मेंढरं बसलेलं वावर

आबा, वाघरीच्या खुंट्या ठोकल्याचा तो आवाज, ठक्, ठक्, आणि मागून मेंढरांचा गलका. लातूरचा नवा जिल्हा झाला होता, पाऊस मात्र दुसऱ्याच मुलखात रमलेला. चावडीवर कलेक्टर कचेरीच्या गप्पा, आणि आपल्या वावरात तुम्ही नि धनगरमामा मेंढरांभोवती वाघरीचं जाळं ताणताय. मला ती उतरलेल्या ढगांसारखी दिसतात. मी बांधावर शाळेतली कविता घोळवत उभा. "ढग मग बघ लेका, आधी खुंटी धर," तुम्ही खेकसता.

गाव तुमच्यावर उखडलेलं. "मेंढरं गायरान खरवडून खायलेत, अन् तुम्ही त्यांलाच पोसून राहिलात?" तुम्ही गायरानाचे तीन तुकडे पाडले, मधे चुना फासलेले दगड मांडले. एक तुकडा आळीपाळीनं बंद. गवताला दम खायला. मेंढरं तिथं फिरकणार नाहीत, रात्री ज्याच्या त्याच्या वावरात बसतील, खत पडेल. धनगरमामांनी देवाचा भंडारा उचलून शब्द दिला. पुढच्या साली आपली ज्वारी माझ्या डोक्यावर गेली.

आज पुन्हा दुष्काळ आहे. धनगरमामांचा नातू कळप घेऊन आलाय, त्याची बायको बाळंतीण. पण गावानं सगळ्याच गायरानाला तार ओढून झाडं लावायचं ठरवलंय. सभेत मी उठून तुमचे तीन तुकडे सांगितले. "गुरुजी, तुम्ही कविता म्हणा, रान आमी बघतो," एकजण म्हणाला. सभा खो खो हसली. मग मी हट्टानं मेंढरं आपल्याच वावरात बसवली. सकाळी सरपंच दारात येऊन बजावून गेला, "दिवस मावळायच्या आत हालले न्हाईत तर वाघर पेटवून देऊ." पुढच्या गावानंही त्यांना हाकललंय. जाणार कुठं? ऊन भिंतीवरून उतरायला लागलंय.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी? पण तुम्हाला सांगतो, आबा. तुम्ही असता तर वावरात जाऊन उभे राहिला असता. मी दाराला आतून कडी घालून बसलोय.

आत्ता कडी वाजली. पेन ठेवून उघडली. दारात सरपंचाची म्हातारी आई, एकटीच, पदर डोक्यावर ओढून.

"गुरुजी, आज मेंढरं आमच्या वावरात बसवा म्हणावं. पोरगं बोंबलंल, बोंबलू द्या. सातबारा माझ्या नावावर हाय."