अथेन्सकरांची शपथ

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर २००३

चि. सौ. पद्मजास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझा गुडघा बरा आहे, थंडी सुरू झाली आहे, अंगणातली पानं केदार रविवारी गोळा करतो. ही झाली चांगली बातमी. आता दुसरी ऐक, आणि बसून ऐक. ईशान सैन्यात चालला. अमेरिकेच्या. आपला ईशान! अठरा पूर्ण झाली की इथे आई-बापाची सही लागत नाही. इंजिनिअरिंगची मिळालेली ॲडमिशन सोडून हा मुलगा परस्पर नाव नोंदवून आला आणि जेवताना मीठ मागावं तसं सांगून मोकळा झाला. केदार बाप त्याचा, त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

पद्मे, यात माझा हात आहे असं पोराच्या आईला, राधिकाला, वाटतं. वाटतं काय, आहेच. दर शनिवारी मी नातवाला मराठी शिकवायचो. धडे-कविता त्याला कंटाळवाण्या वाटायच्या, म्हणून जन्मभर कॉलेजात शिकवलं तेच काढलं, ग्रीकांचं अथेन्स. शहर म्हणजे भिंती नव्हेत, माणसं. प्रत्येकाने चौकात येऊन बोलायचं आणि वेळ आली की ढाल घेऊन रांगेत उभं राहायचं. तिथली अठरा वर्षांची मुलं शस्त्र हाती घेताना शपथ घेत, की शेजारच्याला टाकून पळणार नाही, शहर मिळालं त्याहून थोर करून पुढच्यांना देईन. ती मी मराठीत केली आणि मंडळाच्या गणपतीत ह्याने खणखणीत म्हटली. राधिकानेच केदारचं उपरणं त्याच्या खांद्यावरून ग्रीकांसारखं सोडलं होतं. केवढ्या टाळ्या! सगळ्यांत जास्त माझ्याच. पोराला ते नाटक वाटत नव्हतं, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

राधिका भांडत नाही. ताट वाढते आणि आत निघून जाते. भांडली असती तर बरं झालं असतं गं. जानेवारीत तो जाणार. काय करू ते कळव.

लोभ आहे तेवढा पुरे, या खेपेला थोडी अक्कल पाठव.
तुझा,
चारुदादा


नागपूर
३० ऑक्टोबर २००३

ती. चारुदादास शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ह्यांना वाचून दाखवलं तर ते पानावरून उठून फेऱ्याच मारायला लागले. रागवू की रडू? अरे, नातवाला मराठी शिकवायचं तर कोणी रामरक्षा शिकवतं, कोणी पाढे शिकवतं. तू शिकवलीस ढाल-तलवार! आई म्हणायची तेच खरं, चारूला पुस्तकातली माणसं आधी दिसतात, घरातली मागाहून.

पण आता बोलून काय उपयोग. एकच कर. तुझा तो सॉक्रेटिस चौकात एकेकाला गाठून प्रश्न विचारायचा आणि त्याची चूक त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा, असं तू आम्हाला जेवताना ऐकवायचास. वरण गार व्हायचं तुझ्या पायी. तर बसव ईशानला समोर. रडू नकोस, ओरडू नकोस, नुसतं विचार. आयुष्यभर वर्गच्या वर्ग निरुत्तर केलेस, एका पोराला आणखी कर. आणि राधिकाशी आपणहून बोल. सुनेपुढे मान खाली घातली म्हणून कोणी लहान होत नाही.

मी रोज टेकडीच्या गणपतीला जाते आहे. गुडघ्याला तेल लाव.

राग धरू नकोस, आणि धरलास तरी पत्र धाड.
तुझी,
पद्मा


वेस्ट विंडसर
१८ जानेवारी २००४

चि. सौ. पद्मजास अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. हरलो.

नाताळच्या सुट्टीत त्याला समोर बसवलं. केदार दारात उभा, माझ्याकडे असा बघत होता की जणू मी डॉक्टर आहे. मी विचारलं, शौर्य म्हणजे काय. तो म्हणाला, कशाला भ्यायचं आणि कशाला नाही ते कळणं. हे मीच त्याला शिकवलेलं! मी म्हटलं, मग इराकमधलं हे युद्ध योग्य आहे हे तुला कळलं आहे का. तो म्हणाला, नाही आजोबा, पण दुसऱ्यांच्या मुलांनी जावं आणि मी कॉलेजात जावं, हे न्याय्य कसं ते तुम्ही सांगा. दोन हजार एकच्या त्या सप्टेंबरात त्याच्या वर्गातल्या मुलीचे वडील इथल्याच स्टेशनवरून गाडीने न्यूयॉर्कला गेले ते परत आले नाहीत, हेही त्याने काढलं. मग म्हणाला, सॉक्रेटिससुद्धा शहरासाठी लढायला गेला होता ना? आणि बाबांनी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली ती विमानतळावरची रांग लहान व्हावी म्हणून. केदार दारातून निघून गेला.

इतका चांगला विद्यार्थी मला नागपुरात एकही मिळाला नाही. एकीकडे ऊर भरून येत होता आणि एकीकडे वाटत होतं, याला एक थोबाडीत द्यावी आणि खोलीत कोंडून ठेवावं.

राधिकाशी बोललो. ती एवढंच म्हणाली, की बाबा, तुमच्या त्या ग्रीकांच्या आया काय करत होत्या ते कुठे लिहिलं आहे का? नाही गं लिहिलेलं. कुणालाच ते लिहावंसं वाटलं नाही.

परवा तो गेला. वाकून नमस्कार केला मला. यशस्वी भव म्हणायचं सोडून मी त्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

तुझा लोभ असू दे, उपाय कोणाकडेच नाही.
तुझा,
चारुदादा


बगदादजवळ
९ ऑक्टोबर २००४

ती. आजोबा, सा. न. (याच्या पुढचं विसरलो, सॉरी.)

मी ठीक आहे. गरमी खूप आहे. मराठीत लिहितो कारण इथे ते कोणाला वाचता येत नाही. आईला दाखवू नका.

आमचं चेकपोस्ट ब्रेडच्या दुकानासमोर आहे. तिथे रोज सकाळी एक म्हातारा खुर्ची आणून बसायचा. मग त्याचे मित्र यायचे आणि जेवणापर्यंत भांडायचे, हात हलवून, हसून. मला अगोरा आठवायचा, तुमचा चौक. मी रोज बघायचो. आता आम्ही रस्ता बंद केला, ऑर्डर आली. म्हातारा एकटाच आला. त्याने इंटरप्रिटरला सांगून मला विचारलं की तू कोणाचं शहर राखतोस. सार्जंटने त्याला घालवून दिलं.

आजोबा, तुम्ही शिकवलं की नागरिक स्वतःचं शहर राखतो. हे शहर त्याचं आहे. मग मी इथे कोण आहे? रात्रंदिवस तेच डोक्यात येतं, ड्यूटीवर पण. तुम्ही मला कधी खोटं उत्तर दिलं नाही. प्लीज लवकर लिहा.

तुमचा,
ईशान


वेस्ट विंडसर
२४ ऑक्टोबर २००४

चि. ईशान यास अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आईला सांगितलं, गरमीबद्दल लिहिलं आहे. तिने चिवडा आणि बेसनाचे लाडू पाठवले आहेत, बरोबरच्या मुलांनाही दे. बाबा रोज बातम्या लावतात आणि सुरू झाल्या की उठून जातात. पद्माआजीने अंगारा पाठवला आहे. तो खिशात ठेव, हसू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं आणि फाडलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा फाडलं. उत्तर मला येतं. तुलाही येतं, नाहीतर तू विचारलं नसतंस. पण मी ते लिहिणार नाही.

मोहिमेवर असताना सॉक्रेटिस एका प्रश्नात अडकून छावणीत दिवसभर एकाच जागी उभा राहिला, ही गोष्ट मी वर्गात फार रंगवून सांगत असे. आज ती कोणाला सांगवत नाही. तू तसा उभा राहू नकोस. सांगतील ते कर. हेल्मेट काढू नकोस. त्या म्हाताऱ्याकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ. आणि प्रश्न विचारू नकोस, बाळा. मला नाही, कुणालाच नाही, स्वतःला तर मुळीच नाही. जन्मभर पोरांना प्रश्न विचारायला शिकवणारा तुझा आजोबा हे तुला हात जोडून सांगतो आहे.

मला भित्रा म्हण, खोटारडा म्हण. घरी येऊन म्हण.

तुझ्या लोभावाचून आमचं भागणार नाही.
तुझा,
आजोबा