उष्टी हळद

बऱ्हाणपूर, फाल्गुन, १९४८

तीर्थरूप बाबांच्या चरणी शारदेचा नमस्कार.

मामांच्या दारी निर्मलाच्या लग्नाचा मांडव फार गोड सजलाय. पळसाच्या पाण्यातून पडदे एकदाच बुडवून काढले, कोवळ्या उन्हासारखा पिवळा रंग धरला. दाराशी केळीचे खांब, वर आंब्याचा मोहोर. आईचे गुडघे कसे आहेत? कपिला व्याली का?

बाबा, इथवरच आईला वाचून दाखवा.

नवरदेव निजामाच्या मुलखातला. त्याची उष्टी हळद आल्याशिवाय निर्मलाला हळद लावता येत नाही, आणि ती आणायला आपला श्रीकांत गेलाय. तो कालच परतायला हवा होता. तिकडे रझाकार गाड्या अडवतात म्हणे. तार नाही, निरोप नाही. मामी म्हणते, "येईल बेटा, रस्ता लंबा आहे," आणि आत जाऊन रडते. मी सुकलेला मोहोर काढून ताजा बांधत राहते. हात थांबले की जीव घाबरतो.

सकाळी निर्मला मांडवात आली. सगळीकडे पिवळं, तिचे हात तेवढे कोरे. म्हणाली, "ताई, लग्न राहू दे. बस, श्रीकांतभाऊ घरी येऊ दे."

आईनं विचारलंच, तर श्रीकांत मांडवाच्या कामात आहे म्हणावं, म्हणून दोन ओळी लिहू शकला नाही.

तुमची,
शारदा