फोन बाळंत झाला

३ ऑगस्ट

फोनने आज हात वर केले. म्हणतो, जागा नाही! दातांच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. समोरच्या मासिकात 'बाळाची दुपारची झोप' असा झकास लेख. फोटो काढायला गेलो – जागा नाही. शेवटी लेख वाचावा लागला. काय वेळ आली माणसावर!

हिला सांगितलं. ही तलावावरून नुकतीच आलेली, लोकांच्या पोरांना पोहायला शिकवून. केस पुसता पुसता म्हणाली, "मूल अजून घरात आलं नाही आणि तुझा फोन आधीच बाळंत झाला!"

हसलो. पण दत्तक मुलासाठी नाव नोंदवलं त्याला दोन वर्षं होत आली. वाट बघवत नाही तेव्हा ही पोहते. मला पोहता येत नाही. मी साठवतो.

४ ऑगस्ट

साठवलंय तरी काय, म्हणून उघडून बसलो. दुधाच्या बाटल्या उकळाव्यात. दुधाच्या बाटल्या मुळीच उकळू नयेत. मूल रडलं की लगेच उचला. अजिबात उचलू नका. सगळ्यांवर माझ्या हाताने चांदणी – 'महत्त्वाचं'! एका स्क्रूचा फोटो. पाळण्याचा असावा. कुठल्या, देव जाणे. आणि एका ठिकाणी माझाच आवाज, घाईघाईत: "हे मात्र विसरायचं नाही हं!" पुढे नुसता ट्रकचा भोंगा.

विसरलो.

६ ऑगस्ट

ताई आली होती. तीन पोरं वाढवलेली बाई, आणि जन्मजात परीक्षक. बसायच्या आत प्रश्न – "समज, मुलाला ताप आला. काय करशील?"

"आहे माझ्याकडे," म्हणून ऐटीत फोन काढला. 'ताप' शोधलं. तापमान आलं. मनस्ताप आला. कुठल्याशा आजोबांचे प्रताप आले. ताप काही येईना! ताई घड्याळाकडे बघत म्हणाली, "चालू दे तुझं सावकाश. पोर बरं होऊन शाळेत गेलंसुद्धा."

ही हसून हसून सोफ्यावरून घसरली. नणंद-भावजय एवढ्या एकीने कधी वागत नाहीत.

जाताना दारात ताई हळूच म्हणाली, "अरे, फार लागत नाही. थोडंच लागतं. पण ते डोक्यात लागतं, खिशात असून उपयोग नाही." साठवण्यासारखं वाक्य होतं. जागा नव्हती.

७ ऑगस्ट

दुकानात एक बाई चौकट करून घ्यायला फोटो घेऊन आल्या. सहलीतला – अख्खी बस, बसएवढी माणसं, एक कुत्रं. "यातलं काही म्हणजे काही झाकायचं नाही." मी नेहमीप्रमाणे पुठ्ठ्याची चौकट नुसती वर ठेवून दाखवली. बस गेली, कुत्रं गेलं, मधे त्यांचे यजमान तेवढे उरले. तोंडभर हसत. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असंच करा."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तर नियम केला. वाचायचं, फोन उलटा ठेवायचा, आणि हिला माझ्या शब्दांत सांगायचं. सांगता आलं तर राहील. नाही आलं तर रामराम.

८ ऑगस्ट

चाळणी सुरू. जेवताना हिला तीन गोष्टी सांगितल्या. दोन तिला आधीच माहीत होत्या. तिसरी चूक निघाली.

१० ऑगस्ट

पुसायला हात होत नाही. एखादी गोष्ट पुसली आणि नेमकी तीच लागली तर? ही म्हणते, "लागली तर विचारू कुणाला तरी. माणसं संपलीत का जगातली?"

बरोबर आहे तिचं. तरी तो स्क्रूचा फोटो ठेवलाय.

११ ऑगस्ट

फोनवरचे पालकांचे ते गट! सकाळपासून टिणटिण. बाहेर पडायची हिंमत होईना – जाताना सगळ्यांना दिसतं म्हणे. मधला मार्ग काढला. फोनच मुका करून टाकला. काय शांतता! आज काच एका फटक्यात सरळ कापली गेली.

१२ ऑगस्ट

दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या मॅडमचा फोन येऊन गेला. पुन्हा पुन्हा येऊन गेला. ही पाण्यात, आणि मी मुका! दुकान बंद करताना बघितलं. उलट फोन लावला, कुणी उचलेना. कार्यालय बंद झालेलं.

घरी येऊन सांगितलं. ही ओरडते तेव्हा घर ठीक असतं. आज भांडीसुद्धा आवाज न करता घासली.

दोन वर्षं जगभरची माहिती गोळा केली, आणि हवी होती ती एकच आली तर तिला दारातून परत पाठवलं. गाढव आहेस तू. गाढव!

१३ ऑगस्ट

कार्यालय उघडताच फोन केला. आधी माफीच मागून टाकली. मॅडम म्हणाल्या, "अहो, एक फोन उचलला नाही म्हणून कुणी मूल दुसऱ्याला देतं का? या दोघं."

गेलो. हिने माझा हात धरला होता, म्हणजे बोलणं सुरू झालं असं धरायला हरकत नव्हती.

मॅडमनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "बाळ नाही. पाच वर्षांची मुलगी आहे. तुम्ही तान्हं बाळ मागितलंय, माहीत आहे मला. तरी तुम्हालाच विचारावंसं वाटलं. विचार करा दोन दिवस."

बाहेर पायरीवर आलो आणि माझा हात आपोआप खिशात. 'पाच वर्षांची मु' – एवढंच लिहून झालं होतं. हिने फोनवर तळवा ठेवला.

"कुणी काय लिहिलंय ते नको. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं! ते कुठे शोधतात तेच कळेना. माणसं पायऱ्या चढत होती, उतरत होती, आम्ही मधेच उभे. शेवटी म्हणालो, "भीती वाटते. आणि तिला बघावंसं वाटतं."

ही म्हणाली, "मलाही. त्याच क्रमाने."

१५ ऑगस्ट

बघितलं! म्हणजे तिने आम्हाला बघितलं. अंगणातल्या बाकावर बसून, नीट, वरपासून खालपर्यंत. मला म्हणाली, "तू काय करतोस?"

"काचा कापतो. फोटोंना चौकटी बसवतो."

"बोट कापतं?"

"कधीकधी."

"दाखव."

अंगठ्यावरची जुनी खूण दाखवली. पसंत पडली असावी. मग एकदम, "शिट्टी येते?"

नाही म्हणालो. हिच्याकडे वळली. हिने दोन बोटं तोंडात घालून तलावावरची शिट्टी ठोकली – वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या! मॅडम धावत बाहेर. आणि पोरगी खो खो हसायला लागली. बाकावर पाय आपटून आपटून.

संपलं. मी तिथेच गेलो कामातून.

घरी आल्यावर लक्षात आलं, फोन खिशातच होता. एकही फोटो काढला नाही.

१६ ऑगस्ट

होकार कळवला. मग दुकानात बसून बाळाचं सगळं पुसलं. झोप, बाटल्या, रडणं. स्क्रूसुद्धा. थोडं वाईट वाटलं – ते बाळ मी दोन वर्षं सांभाळलं होतं.

२ सप्टेंबर

सह्या, सह्या, सह्या. दर रविवारी भेटतो. तिला विचारलं, "पलंग कुठल्या बाजूला हवा?" म्हणाली, "आधी खोली तर दाखव." ताईला सांगितलं तर म्हणाली, "आपल्याच घरातली आहे ही."

९ सप्टेंबर

ती आली. सगळ्या खोल्या बघून झाल्या. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला लांबून हाक मारायची नाही. लांबून मारली की वाटतं, मी काहीतरी केलं. जवळ येऊन मारायची."

"बरं," म्हणालो. "लिहून ठेवू?"

"नको. लक्षात ठेव."