पाहुणे कुठं बसलेत

सोम., १२ जाने.
आज परत गावातल्या रस्त्याने काढली गाडी. ड्रायव्हरांच्या ग्रुपवर सकाळीच आलेलं, पाहुणे तळेगाव रोडला बसलेत, वजनकाटा घेऊन. (बायकोने, सुमनने, पहिल्यांदा असं वाचलं तेव्हा म्हणाली होती, कुणाचे पाहुणे, चहा टाकू का? तपासणीवाले म्हणल्यावर कपाळाला हात लावला बाईने.) माल पासिंगपेक्षा, म्हणजे कागदावरच्या वजनापेक्षा, लई जास्त. गाडीमालक शेठचं रोजचंच.
उतारावर ब्रेक दाबला, गाडी ऐकेना. परत दाबला, परत दाबला. मग कुठं खाली पारापाशी, वळणावर थांबली. तिथं बायका कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या असतात. एक तर डबा टाकून पळाली.

मंगळ., १३
शेठला सांगितलं. ब्रेकचे लायनर संपलेत, हवा धरत नाही, गाडी उभी करा. मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू. गाडी उभी केली तर कंपनी दुसऱ्याला काम देईल. तू जुना माणूस, सांभाळून चालव की."
सांभाळून! काय सांभाळू, कपाळ?
सोडून द्यावी वाटतं. पण मी उतरलो की दिलीप चढणार. सुमनचा धाकटा भाऊ. कधीचा शेठच्या मागं लागलाय, मला गाडी द्या म्हणून. त्याला उताराची काही कल्पना नाही. त्यापेक्षा मी बरा.

गुरु., १५
ग्रुपवर: तिळगूळ घ्या, गोड बोला, पाहुणे आज पण तिथंच. हसू आलं. मग उतार आठवला.
पहिल्या गिअरमध्ये रांगत उतरवली. खाली पारावरचा बबनराव, तिथलाच जुना शेतकरी, काठी घेऊन गाडीपुढं उभा. "काय राव, आमच्या दारातनंच का काढता गाड्या? मोठा रस्ता न्हाई व्हय?"
म्हणलं, मोठ्या रस्त्यावर पकडतात.
"मग पकडू द्या की!"
घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

सोम., १९
ठरलं. पकडू द्यायची. तपासणीत ब्रेक सापडले की गाडी जमा होईल, मग सोडवायची तर शेठला ब्रेकचं काम करावंच लागेल. इतकी वर्षं यांना चुकवत फिरलो, चाकणमधली एकेक गल्ली पाठ केली, सगळे मलाच रस्ता विचारतात. आता आपणच दारात जाऊन उभं राहायचं. सुमनला बोललो नाही.

मंगळ., २०
गेलो. त्यांनी हात केला, मी उभी केली. काटा झाला, ओव्हरलोड, चलन. साहेब तरुण, बोलायला चांगला. मीच म्हणलं, साहेब, ब्रेक बघा.
"काय?"
"ब्रेक लागत नाहीत. गाडी जमा करा."
हसला. सोबतच्याला म्हणाला, हा बघ, स्वतःहून सांगणारा. मग मोबाईलमध्ये गाडीचा नंबर टाकून मला दाखवलं. "फिटनेस सर्टिफिकेट आहे की अजून. आज आमचं वजनाचं काम आहे, काका. मालकाला सांगा."
मालकाला सांगा म्हणे!
गाडी कागदावर ठणठणीत आहे. तीच घेऊन तळेगावला गेलो, माल उतरवला, परत आलो. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

बुध., २१
चलन बघून शेठ भडकला. "सगळ्यांना रस्ते सांगणारा तू, आणि तूच कसा सापडलास?" खरं सांगून टाकलं. त्याने हात पुढं केला. चावी दे.

गुरु., २२
दिलीप पेढे घेऊन आला. गाडी मिळाली त्याला. सुमनने ओवाळलं. मी ब्रेकचं सांगितलं, परत परत सांगितलं. "दाजी, तुमचा जीव अडकलाय त्या गाडीत, कळतंय मला." तो गेल्यावर सुमन म्हणाली, माझ्या भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही का तुम्हाला?
पेढा खाल्ला.

मंगळ., २७
रोज निघताना त्याचा फोन. "दाजी, पाहुणे कुठं बसलेत?" ग्रुप वाचायचा कंटाळा, दाजी सांगतील. सध्या पाहुणे कुठंच नाहीत, म्हणून मोठ्या रस्त्याने जा म्हणतो. सपाट आहे, वेग बेताचा ठेव, पुढच्या गाडीपासून लांब राहा. "हो दाजी, हो दाजी." बरं चाललंय. असंच चाललं तर...

सोम., २ फेब्रु.
सकाळी मेसेज: पाहुणे तळेगाव रोड. सवयीने खाली अंगठा टाकला. पाठोपाठ दिलीपचा फोन.
खरं सांगितलं तर तो उतारावर जाणार. शिफ्टची वेळ, बायका उभ्या असणार.
"मोकळा आहे. मोठ्या रस्त्यानेच जा."
रस्ता कधी खोटा सांगितला नव्हता कुणाला. देवा, आज तरी कुणी ब्रेक बघू दे.

मंगळ., ३
नाही बघितले. चलन फाडलं नि सोडलं.
दिलीप काल संध्याकाळी आला, दारातच उभा, चप्पल पण काढली नाही. "मेसेज सकाळीच होता दाजी. खाली तुमचाच अंगठा आहे. मुद्दाम पाठवलं ना मला?"
म्हणलं, हो, मुद्दाम. अरे तो उतार...
"बास." आणि गेला. सुमन ताट वाढून आत जाऊन बसली. शेठने म्हणे त्याला सांगितलंय, यापुढं गावातल्या रस्त्यानेच जायचं, दाजीला विचारायचं नाही.

बुध., ४
आज त्याचा फोन नाही. पाहुणे परत तळेगाव रोडला. मेसेजखाली पहिला अंगठा दिलीपचा.
मी लावला, त्याने कट केला. परत लावला, कट. सुमनला म्हणलं, तू लाव. तिने माझ्या तोंडाकडं बघितलं, काय दिसलं कोण जाणे, लावला. तिचा पण उचलत नाही. आता तीच सारखी लावतेय.
रिक्षा बोलावलीय. पारापाशी जातो. गाडी काही मला थांबवता येणार नाही. त्या बायकांना तेवढं सांगतो, वळणावर उभ्या राहू नका.