गजरामावशीच्या गाण्यांची सीडी

२ मे २०१३

नववी सीडी पण गेली! अठ्ठ्याऐंशी टक्के झाले होते. मी हात जोडायला उचलले आणि खट्ट — ट्रे बाहेर. पडद्यावर तीच लाल फुली.

हे ओट्यावरून ओरडले, "फेकी दे ते डबडं!" कसं फेकू? डबडं रुचिकाचं आहे. पोरगी नाशिकला नर्स झाली आणि कॉम्प्युटर इथं प्रकाशा गावात आमच्या गळ्यात टाकून गेली. आता बावीस तारखेला तिचंच लग्न, आणि तिच्याच हळदीची गाणी त्यात अडकून बसलीत.

३ मे

सगळं लिहून काढते, म्हणजे डोकं थंड होईल. बाहेर तर काही थंड व्हायचं नाव नाही. त्रेचाळीस डिग्री!

गजरामावशी आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. सत्तरीची. या गल्लीत तिच्याशिवाय एक हळद लागली नाही. मला इथं सून म्हणून आणलं तेव्हाही तीच गायली होती. मार्चमध्ये धुळ्याला तिच्या गळ्याची गाठ काढली. गाठ साधी निघाली, सुटलो. पण आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, सहा महिने गायचं नाही, आणि पुढेही पहिल्यासारखा येईल असं सांगता येत नाही.

ऑपरेशनच्या आधी रुचिकाने तिची गाणी मोबाईलवर भरून घेतली होती. बरं सुचलं पोरीला! होळीला आली तेव्हा ती कॉम्प्युटरमध्ये टाकून गेली. पुढच्या आठवड्यात मोबाईल एसटीत हरवला. म्हणजे मावशीचा आवाज आता जगात या एकाच डब्यात!

हळदीला तो मंडपात वाजवायचा आहे. मंडपवाल्या दलसिंगचं मशीन सीडीचं. पेन ड्राइव्हला त्यात भोकच नाही. शिवाय गल्लीतल्या आणि पाहुण्या बायांनाही एकेक द्यायची असं मी बोलून बसले आहे. पंचवीस सीड्या. झालेल्या — शून्य.

४ मे

दहावी. एकेचाळीस टक्क्यांवर गेली. काही लिहीत नाही.

५ मे

रुचिकाचा फोन. "आई, स्पीड किती ठेवलास?" मी म्हटलं, आहे तो. "म्हणजे बावन्न! आई, जुना राइटर आहे तो, धाप लागते त्याला. आठवर ठेव."

आठवर ठेवला. बाराएक मिनिटं स्टुलावर श्वास धरून बसले. नव्वद... सत्त्याण्णव... शंभर! मी एवढ्या जोरात ओरडले की हे दाढीचा साबण तसाच घेऊन आत आले. त्यांना वाटलं, विंचू चावला.

पदराखाली झाकून सीडी दलसिंगकडे नेली. त्याने लावली. मशीन फिरलं, घरघरलं, गप्प. त्याने सीडी उन्हात धरून पाहिली. "काकू, हाई एमपीथ्री शे. मन्ही मशीनले ऑडिओ सीडी लागस."

मला वाटायचं सीडी म्हणजे सीडी!

७ मे

ऑडिओचं खटलं वेगळंच. ऐंशी मिनिटांच्या वर त्यात मावत नाही, आणि मावशीने गायलं आहे पावणेदोन तास. काय ठेवू, काय काढू? दुपारभर ऐकत बसले. शेवटी अकरा ठेवली. "तापी माय, तुन्हा पानीमा हयद कालवू" पहिलं ठेवलं. ते लागलं की माझे डोळे भरतातच, पीठ मळत असले तरी.

मग सीडी लावली. गेली. दुसरी लावली. गेली. स्पीड आठच होता!

८ मे

शहाद्याहून खात्या नावाचा एक जण आला. कॉम्प्युटर दुरुस्त करतो, भाच्याच्या ओळखीचा. डबा उघडला तर आत एवढी धूळ की पेरणी करता आली असती. फुंकर मारली, कापसाने भिंग पुसलं. मग एक सीडी लावून पाहिली. माझ्यासमोर तीही गेली.

"वहिनी, राइटर गया," म्हणाला. "नवा धुळ्याहून मागवावा लागेल. पंधरा दिवस धरा."

पंधरा दिवसांनी माझी पोरगी सासरी असेल! तसं म्हटलं त्याला. तो हसला, चहा प्यायला, गेला.

बिघडलेल्या सीड्या यांनी दोरीत ओवून मागच्या आंब्यावर टांगल्या. म्हणतात, पोपट घाबरतात. आणि खरंच घाबरतात! झाड असं चमकतं की मंडप आधीच घातलाय वाटावं. शेजारची सीमा विचारून गेली — आमच्या चिकूसाठी आणखी बिघडतील का?

११ मे

सापडलं! सापडलं! सापडलं!

सकाळी सात वाजता शेंगदाण्याची चटणी वाटत होते. मिक्सर रडायला लागला. रोजच रडतो त्या वेळी, मी कधी लक्ष दिलं नाही. वर पाहिलं तर बल्ब पिवळा, कावीळ झाल्यासारखा. दारात येऊन पाहिलं. नळाला पाणी आलेलं, आणि घरोघरी मोटर लावलेली. घुर्र घुर्र घुर्र, अख्खी गल्ली पाणी ओढते आहे. आमचीही चालूच होती!

हात तिखटाचे तसेच ठेवून सीडीची रिकामी पाकिटं काढली. त्यांच्यावर मी तारीख आणि वेळ टाकत होते. सकाळी सात. सव्वासात. पुन्हा सात. नाहीतर दुपारी दोन, जेव्हा घरोघरी कूलर चालतात. आणि ती एक पुरी झाली तो दिवस? पाच तारीख सकाळ — त्या दिवशी पाणी आलंच नव्हतं!

मिक्सरला वीज पुरत नाही, तर त्या बिचाऱ्या राइटरला कुठून पुरणार? खात्याला कळलं नाही ते मला चटणीने सांगितलं.

यांना सांगितलं. यांनी एकदा वर बल्बकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू इंजिनेर व्हवाले पाहिजे व्हती." पंचवीस वर्षांत पहिलं कौतुक. तारखेसह नोंद करते आहे.

१२ मे

पहाटे पाचला उठले. बल्ब दुधासारखा पांढरा. डब्याचं झाकण उघडं, समोर टेबल फॅन, स्पीड आठ, ऑडिओ. शंभर टक्के!

उजाडल्यावर दलसिंगकडे गेले. लावली. आणि त्याच्या त्या मोठ्या भोंग्यातून गजरामावशी! रस्त्याने म्हशी घेऊन जाणारी बाई उभी राहिली आणि म्हणाली, "गजराबाईना आवाज उना का परत?"

१३ मे

आखाजी, आमची अक्षय्य तृतीया. आमरस, खापरावरचे मांडे, आणि पहाटे चार सीड्या. चारही चांगल्या!

१७ मे

रोज चार होताहेत. एकवीस झाल्या. आज रुचिका आली. सीड्यांचा ढीग पाहून म्हणाली, "आई, तू केल्यास? तू?" वाईट वाटण्यासारखंच बोलली, पण मला फार बरं वाटलं. परवापासून पाहुणे, कॉम्प्युटरची खोली त्यांना द्यायची. उद्या शेवटच्या चार.

१८ मे

आज काय झालं ते लिहिते आणि मग लाडू वळायला जाते.

पाचला कॉम्प्युटर लावला आणि बाहेर घुर्र सुरू! पाण्याची वेळ बदलली म्हणे, आता पाचलाच. बल्ब पिवळा. पाणी जाईपर्यंत ऊन तापून घरोघरी कूलर सुरू होणार. मी स्टुलावर तशीच बसले. रडूच यायचं बाकी होतं. चार बायांना काय सांगू, तुमची राहिली म्हणून?

तर हे उठले. बनियनवरच गल्लीत निघाले. दोन पावलांवरून परत फिरून आधी स्वतःची मोटर बंद केली, मग पुन्हा निघाले. मी दारातून ऐकत होते. "एक घंटा बंद ठेवा रे मोटर! गजराबाईनी सीडी बनी ऱ्हायनी!" ज्याला हे डबडं नको होतं, तो माणूस! सीमाच्या सासऱ्याने आतून विचारलं, "आनि आमनं पानी?" हे म्हणाले, "मन्ही टाकीमातून लई जा."

एकेक घुर्र बंद होत गेली. एवढी शांतता झाली की मला घरात बसून देवळातली घंटा ऐकू आली. वर बघते तर बल्ब पांढरा.

चार झाल्या. पंचवीस!

मग सहा घरं बादल्या घेऊन आमच्या टाकीवर. लग्नघरात आंघोळीला पाणी नाही, आणि कुणाला काही वाटलं नाही.

२१ मे

हळद लागली.

मावशी येत नव्हती. "गाता येत नही ते काय करू तठे?" म्हणाली. रुचिका स्वतः जाऊन हाताला धरून घेऊन आली. पाटासमोर बसवलं. दलसिंगने बटण दाबलं. लागते की नाही! एक क्षण नुसती खरखर. आणि मग तापी माय...

बाया ओळीमागे ओळ उचलायला लागल्या. डीजे पाहिजे म्हणून रुसलेली तरणी पोरंही येऊन बसली. माझी सारंगखेड्याची नणंद कमलीबाई, जिला कधी काही आवडत नाही, तिने मांडीवर ताल धरला!

मावशी मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं रडते आहे. जवळ जाऊन वाकले तर घोगऱ्या आवाजात म्हणते, "तिसरा कडवाले मन्हा दम तुटना वं. परत भरता नही का येत?"

२२ मे

लग्न लागलं. पोरगी गेली. घर फार मोठं वाटतं.

२५ मे

मावशी तिची सीडी घेऊन आली. वरची माझी मार्करची अक्षरं तिने नातवाकडून वाचून घेतली होती. 'पारंपरिक हळदीची गाणी.' बोट ठेवून विचारलं, "ही पारंपरिक कोन शे वं? आवाज मन्हा आनि नाव तिनं?"

मी हसून सांगितलं, कुणी बाई नाही ती. पारंपरिक म्हणजे जुनी, कोणी रचली ते कुणाला माहीत नसतं अशी.

"माहीत नही कसं? बठा गाना मीच रचेल शेतस. चूल्हापुढे बसीसन. आजपावत कोनी इचारंच नही."

सगळी गाणी तिची, आणि मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. मीही विचारलं नाही.

तेवीस सीड्या वाटून झाल्यात, तेवीस घरी. उद्या मार्कर घेऊन निघते.