दगडापुढची रांग

प्रिय ढब्बू,

परवा आलास, चप्पलही न काढता दारातूनच माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस आणि वर म्हणालास, यंदा स्मारकावर येऊ नकोस, उन्हात उभं राहावं लागतं, तुझ्या वतीने मीच फूल ठेवतो. मला फार बरं वाटलं. तू जिना उतरेपर्यंत वाटत होतं. मग डोक्यात आलं, गुडघा गेली कित्येक वर्षं दुखतोय, तो याला आजच कसा आठवला? आता अख्खी गल्ली तुला भाऊ म्हणते, गाडीच्या काचेवरही तसं लिहून घेतलंयस म्हणे. मी आपली ढब्बूच म्हणणार. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. समोरासमोर बोललो की दोघांचाही आवाज चढतो आणि मग सूनबाई बिचारी दोन्हीकडचं ऐकून घेते. म्हणून लिहितेय. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

आधी एक गोष्ट साफ करते, नाहीतर आई पलटली म्हणून हे पत्र भिरकावून देशील. मी पलटलेली नाही. तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी आपल्या पक्षाला मत देतेय आणि पुढेही त्यालाच देणार. झेंडा वर चढत असताना मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारा माणूस दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एखादी गोष्ट जुनी आहे एवढ्याच कारणाने मोडायला निघालेले शहाणे मला सहन होत नाहीत. खालच्या मजल्यावरची मला तोंडावर जुनाट म्हणते. म्हणू दे. पण ढब्बू, जुन्या वळणाचं असणं म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे रे. मागच्या वर्षी तुमचे साहेब तासभर उशिरा आले. लढाईत पाय गमावलेला तो बिगुलवाला कुबडीवर उन्हात उभा, आणि सावलीतल्या खुर्च्या साहेबांच्या माणसांसाठी राखून ठेवलेल्या. सैनिकांचा मान राखायचाय ना? मग आधी वेळेवर या आणि त्यांना बसायला द्या. घोषणा नंतर.

मुसलमानांबद्दल माझ्या मनात कधीच अढी नव्हती, असं म्हटलं तर ते खोटं होईल. तुझ्या बाबांच्या लष्करी गाडीवर ज्यांनी हल्ला केला, ते देवाचं नाव घेत आले होते, आणि ते नाव भोंग्यावर ऐकू आलं की कित्येक दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नसे. आजही त्यांच्यातलं सगळं मला पटत नाही. बायकांनी नखशिखान्त झाकून घ्यावं हे पटत नाही, धर्माबद्दल कुणी काही विचारलं की काहीजण लगेच हातघाईवर येतात तेही पटत नाही. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण त्या दिवशी गाडी चालवत होता तो पोरगाही मुसलमानच होता. गोळ्या लागल्यावरही त्याने गाडी दरीत जाऊ दिली नाही, कडेला नेऊन उभी केली. म्हणून मागे बसलेले सगळे घरी परतले. पुढे बसलेले दोघे तेवढे परतले नाहीत, तो आणि तुझे बाबा. दोघांनाही त्याच माणसांनी मारलं.

तो पोरगा म्हणजे आपल्या घड्याळवाल्या चाचांचा एकुलता एक मुलगा. तुला हे पाठ आहे, तरी पुन्हा सांगतेय, कारण पाठ असलेलंच माणूस आधी विसरतं. स्मारकाचा दगड बसवला त्या पहिल्या वर्षी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. नावं हुद्द्याप्रमाणे पुकारतात, म्हणून आधी तुझ्या बाबांचं आणि लगेच त्या पोराचं. मी पुढे गेले, पायथ्याशी वाकून फूल ठेवलं, दगडाला कपाळ टेकवलं. माझ्यामागून चाचा आले. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी उभ्यानेच फूल कठड्यावर ठेवलं, पोराच्या नावावरची धूळ रुमालाने पुसली, क्षणभर ताठ उभे राहिले आणि परत फिरले. हात जोडणं नाही, वाकणं नाही. माझा संताप झाला. तिथेच मी नावं पुकारणाऱ्या मेजरसाहेबांना म्हटलं, ज्यांना वाकायचं जिवावर येतं त्यांनी यावं कशाला. चाचांनी ते ऐकलं. रागावले नाहीत. जवळ येऊन एवढंच म्हणाले, “पोरी, कपाळ फक्त एकापुढे टेकवायचं हे मीच त्याला शिकवलं. आता त्याच्याच नावापुढे टेकवलं तर तो म्हणेल, अब्बा, मग लहानपणी मला एवढा मार कशाला दिलात?”

घरी येऊन भांडी घासताना मला हसू फुटलं आणि मग रडायलाच आलं, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडले. तेव्हापासून हा माणूस मला कळला असं वाटतं. धर्म कळला असं नाही म्हणत, तो मला या वयात काय कळणार! पण स्वतःच्या आईबापांनी शिकवलेलं पोराच्या थडग्यापर्यंत सोडायचं नाही, एवढा हट्टी माणूस मी माझ्या वडिलांनंतर हाच पाहिला. आपण सभांमध्ये ज्याला संस्कार संस्कार म्हणतो ते आणखी वेगळं काय असतं? त्यांचं नि माझं राजकारणावरून आजही वाजतं. त्यांचा पक्ष कुठला ते तुला ठाऊक आहे, आणि निवडणुकीच्या दिवशी एकाच रिक्षाने जाऊन आम्ही एकमेकांची मतं वाया घालवून येतो. येताना वाटेत दोघांनाही गंमत वाटते.

तुझ्या मनगटावरचं बाबांचं घड्याळ बंद पडल्याचं सूनबाईकडून कळलं. बाबांचं सामान घरी आलं तेव्हाही ते बंदच होतं. मी चाचांकडे नेलं, तर उघडण्याआधी त्यांनी विचारलं, चालू करू की असंच राहू दे? मी म्हटलं, चालू करा, पोराला मोठेपणी बांधायचंय. तेव्हापासून दरवर्षी ते उघडून, तेलपाणी करून देत आले. तू त्यांचं भिंग डोळ्याला लावून माझ्या नाकातले केस बघायचास, आठवतंय का? आता ते पुन्हा बंद पडलंय, दुसऱ्या दोन दुकानांत म्हणे हातही लावायला तयार नाहीत आणि चाचांकडे तू न्यायचं नाव काढत नाहीस. का, तर पक्षातली पोरं बघतील. अरे, बापाचं घड्याळ बंद पडलं तरी चालेल, पण पोरांनी बघता कामा नये?

आता मूळ मुद्दा. मागच्या वर्षीचा व्हिडिओ कापून कुणीतरी चाचांचं ते ताठ उभं राहणं तेवढं फिरवलं. त्यावर तुमच्या ग्रुपवर तुझ्या नावाने लिहिलंय, ‘यंदा वाकेल, नाही वाकला तर वाकवू.’ मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. सूनबाईने दाखवलं, आणि तिला त्यावरून एक शब्द बोललास तर गाठ माझ्याशी आहे. माझ्या गुडघ्याचा पुळका कुठून आला ते तेव्हा कळलं. मी बघू नये एवढ्यासाठीच ना? आईने बघू नये असं वाटलं याचा अर्थ लाज अजून शिल्लक आहे, आणि त्याच भरवशावर हे लिहितेय. काल मी दुकानात गेले होते. चाचांना सांगणार होते, यंदा नका येऊ. ते कोटाला बटण शिवत बसले होते. सुईत दोरा जाईना, मी ओवून दिला. मग लक्षात आलं, तू मला जे सांगितलंस तेच मी यांना सांगायला आलेय. तशीच परत आले.

हे पत्र सूनबाई तुला आज संध्याकाळी देईल, कारण उद्या सकाळी मी काय करणार आहे ते तुला चारचौघांत नको, आधी घरी कळायला हवं. मी येणार आहे. बाबांचं नाव पुकारलं की पुढे जाईन, फूल उभ्यानेच कठड्यावर ठेवीन, वाकणार नाही, कपाळ टेकवणार नाही, आणि चाचांचं होईपर्यंत तिथून हलणारही नाही. इतक्या वर्षांचा माझा नेम उद्या मोडणार. जिवावर आलंय रे. आज सकाळीच बाबांच्या फोटोपुढे डोकं ठेवून सांगून टाकलं, एवढ्या वर्षापुरता नमस्कार इथेच घ्या. तुझ्या पोरांना ताठ मान खपत नसेल तर रांगेत आधी मी आहे, सुरुवात माझ्यापासून करा. मात्र माझी मान तूच वाकव, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. आणि बंद असलं तरी बाबांचं घड्याळ बांधूनच ये. गुडघ्याची काळजी करू नकोस. वाकताना दुखतो तो. उभं राहताना नाही.

तुझीच, आणि अजूनही तुझ्याच पक्षाची,
आई